हजार पत्रांचा धनी : एल. फ्रँक बॉम

(द्वितीय वर्ष, कला)

गोष्ट सांगणाऱ्याची खरी बिदागी कोणती? पैसा मिळतो, कधी मानही मिळतो. पण या दोहोंहून मोठी अशी एक बिदागी आहे. गोष्ट संपली तरी समोरचे पोर जागचे हलत नाही आणि मग पुढे काय झाले म्हणून विचारते, ती! हा प्रश्न ज्याच्या वाट्याला येतो तो कथेकरी भाग्यवान समजावा. मात्र हे भाग्य पेलणे वाटते तितके सोपे नाही. अमेरिकेतील एका लेखकाला हा एकच प्रश्न हजारो मुलांनी पत्रांतून जवळजवळ दोन दशके विचारला. त्याने एकदा उत्तर द्यायचे नाकारून पाहिले. आपल्या कल्पनेतल्या राज्याची दारे त्याने कायमची बंद केली. मुलांनी ती त्याला पुन्हा उघडायला लावली. त्या लेखकाचे नाव लायमन फ्रँक बॉम. ‘विझर्ड ऑफ ओझ’ हा चित्रपट ज्यांनी पाहिला असेल त्यांना डोरोथी, बुजगावणे, पत्र्याचा लाकूडतोड्या आणि भित्रा सिंह ही मंडळी ठाऊक असतील. त्यांचा जन्मदाता मात्र फारसा कोणाला ठाऊक नसतो. त्याचेच चरित्र या लेखात थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

बॉमचा जन्म १५ मे १८५६ रोजी न्यूयॉर्क राज्यातील चिटेनँगो या लहानशा गावी झाला. नऊ भावंडांत हा सातवा. त्यांतली पाचच जगली. वडील बेंजामिन बॉम यांनी पेनसिल्व्हेनियातील तेलविहिरींच्या धंद्यात चांगला पैसा मिळवला होता. सिरॅक्यूज शहराजवळ त्यांचे ‘रोझ लॉन’ नावाचे मोठे घर होते आणि भोवती प्रशस्त आवार होते. मुलाची प्रकृती लहानपणापासून नाजूक. त्याचे हृदय दुबळे असल्याचे निदान झाले, त्यामुळे दंगामस्तीला बंदी. असे मूल आपोआपच पुस्तकांकडे आणि स्वतःशीच रचलेल्या गोष्टींकडे वळते. लायमन हे नाव त्याला मुळीच आवडत नसे. तो स्वतःला फ्रँक म्हणवून घेई. मुलगा फार स्वप्नाळू होतो आहे असे वाटून आईवडिलांनी त्याला बाराव्या वर्षी पीकस्किलच्या लष्करी विद्यालयात पाठवले. तिथली कडक शिस्त आणि शिक्षा त्याला सोसवेनात. दोन वर्षे त्याने कशीबशी काढली, पण शेवटी प्रकृती ढासळली आणि तो घरी परतला.

घरी आल्यावर वडिलांनी त्याला एक छोटे छापखान्याचे यंत्र घेऊन दिले. धाकट्या भावाला जोडीला घेऊन फ्रँकने घरगुती नियतकालिक काढले. आपल्या वर्गात भित्तिपत्रक काढणाऱ्यांना त्याचा आनंद सांगायला नको. पुढे त्याने टपाल तिकिटांचा नाद केला, मग जातिवंत कोंबड्या पाळल्या. त्याचे पहिले पुस्तक १८८६ साली निघाले आणि ते परीकथांचे नव्हते. ते होते हॅम्बर्ग जातीच्या कोंबड्यांवर! मुलांच्या अद्भुत जगाचा हा सम्राट ग्रंथकार झाला तो कुक्कुटपालनावर लिहून.

कोंबड्यांबरोबरच दुसरे वेड होते नाटकाचे. श्रीमंत बापाने त्यापायीही पैसा ओतला. १८८२ साली फ्रँकने ‘द मेड ऑफ ॲरन’ हे संगीत नाटक लिहिले, त्याची गाणी रचली आणि प्रमुख भूमिकाही स्वतःच केली. नाटक बरे चालले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला त्याचा मॉड गेज हिच्याशी विवाह झाला. मॉड कॉर्नेल विद्यापीठात शिकत होती, ते शिक्षण सोडून ती याच्या संसारात आली. तिची आई मॅटिल्डा जॉस्लिन गेज ही स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी त्या काळातली मोठी कार्यकर्ती व विदुषी होती. नाटकवाल्या तरुणाला मुलगी द्यायला तिचा प्रथम विरोधच होता. पुढे हीच सासू जावयाच्या आयुष्याला निर्णायक वळण देणार होती.

यानंतरची सुमारे पंधरा वर्षे म्हणजे अपयशांची मालिका आहे. रिचबर्ग येथील त्याचे नाट्यगृह आगीत जळाले. गाडीच्या आसाला घालायच्या वंगणाचा धंदा काही काळ केला, तोही सोडावा लागला. वडील वारले, त्यांची संपत्तीही ओसरली. १८८८ साली मॉड आणि मुलांना घेऊन तो पश्चिमेकडे, डाकोटा प्रदेशातील ॲबरडीन या नव्याने वसलेल्या गावी गेला. तिथे त्याने ‘बॉम्स बझार’ नावाचे दुकान थाटले. खेळणी, चिनी मातीची भांडी, शोभेच्या वस्तू, मिठाई असा माल. पण गिऱ्हाईक कोण, तर दुष्काळाने गांजलेले शेतकरी! उधारी वाढत गेली, पाऊस काही आला नाही. १८९० च्या जानेवारीत बँकेने दुकानाला टाळे लावले. मुलांना दुकानाच्या पायरीवर बसवून गोष्टी सांगणारा हा दुकानदार हिशेबात मात्र कच्चा ठरला.

डाकोटाच्या त्या रखरखीत माळाने त्याला एक गोष्ट दिली. पुढे त्याने डोरोथीचे कॅन्सस रंगवले ते सगळे करडे आहे; जमीन करडी, घर करडे, काकाकाकूंचे चेहरेदेखील करडे. दुष्काळ ज्याने पाहिला आहे त्यालाच असा रंग सुचतो.

दुकान बुडाल्यावर बॉमने ‘ॲबरडीन सॅटर्डे पायोनियर’ हे साप्ताहिक चालवायला घेतले. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणून त्याने या पत्रातून नेटाने लिहिले. त्याबद्दल त्याला मान द्यावा तेवढा थोडाच. परंतु याच पत्रात त्याच्या हातून जे दुसरे लेखन झाले, ते टाळून त्याचे चरित्र पुढे नेणे मला शक्य नाही. १५ डिसेंबर १८९० रोजी लाकोटा लोकांचा पुढारी सिटिंग बुल मारला गेला. २९ डिसेंबरला वूंडेड नी येथे अमेरिकी सैन्याने लाकोटांच्या दीडशेहून अधिक बायकापुरुषांना आणि मुलांना ठार केले. या दोन्ही प्रसंगी बॉमने संपादकीये लिहिली. गोऱ्या वसाहतवाल्यांना निर्धास्त राहायचे असेल तर उरलेल्या मूलनिवासींचा समूळ नाश केला पाहिजे, असा त्यांचा आशय होता.

वाचकहो, इथे मला माझ्याविषयी थोडे सांगावेसे वाटते. मी सातपुड्यातल्या एका पाड्यावरची, पावरा समाजातली मुलगी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मीच पहिली. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत जात आणि पाड्यावरची बरीच मुलेही त्यांच्याबरोबर जात. मी आश्रमशाळेत होते. आमचे एक गुरुजी दर शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटच्या तासाला गोष्ट सांगत. एका वर्षी त्यांनी डोरोथीची गोष्ट लावली. पुस्तक हाती नव्हते, तोंडीच सांगायचे. एका शनिवारी वादळ येई, पुढच्या शनिवारी बुजगावणे भेटे. आम्ही सोमवारपासून शनिवारची वाट पाहत असू. मराठी आम्हाला तेव्हा निम्मीच कळे. उरलेली गोष्ट आम्ही जेवणाच्या रांगेत एकमेकींना पावरीतून सांगून पुरी करत असू. त्यात प्रत्येकीची थोडी भर पडे, हे वेगळेच! दिवाळीची सुट्टी लागली तेव्हा डोरोथी दुष्ट चेटकिणीच्या तावडीत सापडलेली होती. त्या वर्षी घरच्यांनी मलाही तोडीला न्यायचे ठरवले होते. मी दोन दिवस जेवले नाही. डोरोथी घरी पोचली की नाही हे कळल्याशिवाय मी कुठेही येणार नाही, एवढेच म्हणत राहिले. आजी मध्ये पडली आणि मला शाळेत परत पाठवले गेले. माझ्याबरोबरच्या ज्या मुली त्या वर्षी तोडीला गेल्या, त्यांतल्या बऱ्याच जणी परत वर्गात दिसल्या नाहीत.

तेव्हा एका गोष्टीचा पुढचा भाग ऐकण्याची ओढ काय करू शकते हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही. गेल्या वर्षी कॉलेजच्या ग्रंथालयात मूळ इंग्रजी पुस्तक मिळाले. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचले, तेव्हा कळले की आमच्या गुरुजींची गोष्ट जिथे संपली होती तिथे ओझची गोष्ट नुसती सुरू होते. बॉमने ओझच्या चौदा कादंबऱ्या लिहिल्या आहेत! त्यांचे हक्क केव्हाच संपले असल्यामुळे प्रोजेक्ट गुटेनबर्गवर त्या फुकट वाचायला मिळतात. वसतिगृहात दिवे गेल्यावर मोबाईलच्या उजेडात मी त्या एकामागून एक वाचल्या. आणि त्याच मोबाईलवर, लेखकाविषयी अधिक माहिती शोधत असता, ती दोन संपादकीये माझ्यासमोर आली.

ज्याच्या गोष्टीने मला शाळेत धरून ठेवले, त्याच माणसाने डोंगरामाळावरच्या मूळच्या लोकांचे नाव पुसून टाकावे असे लिहिले होते. ते वाचून काय वाटले हे मी शब्दांत सांगू शकणार नाही. काही अभ्यासक म्हणतात की तो लेखनातला उपरोध असावा. मला तसे वाटत नाही. भीतीने आणि आसपासच्या माणसांच्या द्वेषाने भरलेले ते लेखन आहे. विशेष असे की त्याची स्वतःची सासू मॅटिल्डा गेज हिने मूलनिवासी इरोक्वॉय समाजातल्या स्त्रियांच्या हक्कांचा अभ्यास करून आदराने लिहिले होते, आणि १८९३ साली मोहॉक लोकांनी तिला आपल्या लांडगा कुळात मानाने दत्तक घेतले होते. म्हणजे वेगळे पाहण्याची दृष्टी त्याच्या घरातच होती. २००६ साली बॉमच्या वंशजांनी या संपादकीयांबद्दल सू लोकांची जाहीर माफी मागितली. माफी मागायला एकशे पंधरा वर्षे लागली. तरी ती मागितली गेली, याचीही नोंद केली पाहिजे.

असो. चरित्राचा धागा पुन्हा हाती घेते.

साप्ताहिकही चालले नाही. १८९१ साली बॉम कुटुंब शिकागोला आले. काही दिवस वार्ताहराची नोकरी केली, मग तो चिनी मातीची भांडी विकणारा फिरता विक्रेता झाला. पेट्या घेऊन आगगाडीने गावोगाव जायचे, दुकानदारांची मनधरणी करायची, रात्र परक्या खोलीत काढायची. १८९२ साली तो आणि मॉड थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. तीच ही सोसायटी, जिच्या संस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट १८७९ मध्ये मुंबईला आले आणि ज्यांनी पुढे मद्रासजवळ अड्यारला मुख्य ठाणे केले. दिसते त्यापलीकडे आणखी जगे असतात, या त्यांच्या शिकवणीचे बॉमला आकर्षण वाटले असल्यास नवल नाही.

घरी असेल तेव्हा तो आपल्या चार मुलांना आणि शेजारपाजारच्या पोरांना गोष्टी सांगे. सासू हिवाळ्यात लेकीकडे राहायला येई आणि या गोष्टी ऐके. त्या कागदावर उतरवून छापायला पाठव, असा तिने जावयाच्या मागे लकडा लावला. एवढ्या मोठ्या विदुषीने पोराटोरांच्या गोष्टींत दम आहे हे ओळखले! १८९७ साली ‘मदर गूज इन प्रोज’ निघाले. हृदयाच्या दुखण्यामुळे फिरती झेपेना, म्हणून त्याच वर्षी त्याने दुकानांच्या काचेमागची आरास कशी करावी यावर एक मासिकही सुरू केले. १८९९ मध्ये ‘फादर गूज’ निघाले. त्याला डब्ल्यू. डब्ल्यू. डेन्स्लो या चित्रकाराची चित्रे होती. त्या वर्षी मुलांच्या पुस्तकांत याच पुस्तकाचा सर्वाधिक खप झाला. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी या माणसाला यशाचे पहिले दर्शन घडले. मॅटिल्डा गेज ते पाहायला नव्हती. ती १८९८ च्या मार्चमध्ये वारली होती. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मॉडच्या भावाची तान्ही मुलगी गेली. मॉडच्या दुःखाला पार राहिला नाही. त्या मुलीचे नाव होते डोरोथी.

१९०० साली शिकागोच्या जॉर्ज एम. हिल कंपनीने ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ओझ’ प्रसिद्ध केले. पानोपानी रंगीत चित्रे, सोपी वाक्ये आणि उपदेशाचा लवलेश नाही. जुन्या परीकथांतले भय आणि बोधामृत काढून टाकून केवळ आनंदासाठी अमेरिकन मुलांची परीकथा लिहायची, हा त्याचा हेतू होता. यातल्या नायिकेला राजपुत्र लागत नाही. ती शेतकऱ्याच्या घरची पोरकी मुलगी आहे. तिला फक्त घरी जायचे आहे, आणि वाटेत भेटेल त्याला ती बरोबर घेते. आणि ज्याच्या भेटीसाठी एवढा खटाटोप, तो महान जादूगार निघतो पडद्याआडचा एक साधा, घाबरट, थापाड्या म्हातारा! पंधरा वर्षे विक्रेत्याचे चऱ्हाट ओढलेल्या माणसालाच हे पात्र सुचावे. पुस्तकावर मुले तुटून पडली. १९०२ मध्ये शिकागोत त्यावर संगीत नाटक झाले, ते १९०३ मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि अनेक वर्षे गाजले.

बॉमच्या मनात मात्र त्या गोष्टीचा दुसरा भाग नव्हता. त्याच्या दृष्टीने डोरोथी घरी पोचली, गोष्ट संपली. पण पत्रे येऊ लागली. वेड्यावाकड्या अक्षरांत, शुद्धलेखनाच्या चुकांसह, देशाच्या कानाकोपऱ्यांतून. बुजगावण्याचे पुढे काय झाले? लाकूडतोड्या कसा आहे? डोरोथी नावाच्याच एका लहान मुलीला त्याने गमतीने वचन दिले की हजार मुलींनी हजार पत्रे लिहिली तर मी दुसरी गोष्ट लिहीन. हे त्याने स्वतःच प्रस्तावनेत नोंदवले आहे. पत्रे हजाराच्या वर गेली! १९०४ साली ‘द मार्व्हलस लँड ऑफ ओझ’ निघाले, या वेळी रायली अँड ब्रिटन या नव्या प्रकाशन संस्थेकडून आणि जॉन आर. नील या नव्या चित्रकारासह. त्यात मुलींची एक फौज पाचूनगरी जिंकून घेते, आणि टिप नावाचा मुलगा अखेरीस चेटूक उतरल्यावर राजकन्या ओझ्मा ठरतो. सासूबाईंनी हे वाचले असते तर त्या खचित प्रसन्न झाल्या असत्या.

या पुस्तकात डोरोथी नव्हती. झाले, पुन्हा पत्रे! मुलांना डोरोथी हवी होती. १९०७ साली ‘ओझ्मा ऑफ ओझ’मध्ये ती परत आली. मग मुलांनी जादूगार मागितला. १९०८ च्या पुस्तकात तोही आला. १९०९ ला आणखी एक. ही पुस्तके सामान्यतः वर्षाच्या उत्तरार्धात निघत, म्हणजे नाताळची भेट म्हणून ती मुलांच्या हाती पडत. एक पुस्तक संपले की पुढच्याची वाट सुरू. आमच्या शनिवारासारखेच त्यांचे. फक्त आमचा शनिवार आठ दिवसांनी येई, त्यांचा वर्षाने. बॉम मुलांच्या पत्रांना उत्तरे लिही आणि प्रस्तावनांतून त्यांच्या सूचनांचा उल्लेख करी. ही गोष्ट आपण एकटा रचत नसून वाचणारी मुलेही तिच्या रचनेत भागीदार आहेत, असे तो मोकळेपणाने मान्य करी. मराठी शिकलेल्या माझ्या पिढीला लेखक म्हणजे पाठ्यपुस्तकातल्या चौकोनात फोटो असलेला दिवंगत मनुष्य, एवढीच कल्पना असते. लेखकाला पत्र पाठवता येते आणि त्याने पुढे काय लिहावे हे सांगता येते, ही कल्पनाच मला नवी होती.

पण लेखक थकला होता. त्याला ओझखेरीज इतर गोष्टी लिहायच्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच त्याने लिहिल्याही. टोपणनावे घेऊन त्याने मुलींसाठी आणि मुलग्यांसाठी कितीतरी कादंबऱ्या लिहिल्या. ‘एडिथ व्हॅन डाइन’ या स्त्री-नावाने लिहिलेली मालिका चांगलीच खपली. परंतु मुलांचे एकच टुमणे, ओझ! शेवटी १९१० साली ‘द एमराल्ड सिटी ऑफ ओझ’ लिहून त्याने मालिका संपवली. या पुस्तकात हेन्रीकाकांना शेतावरचे कर्ज फेडता येत नाही आणि बँक शेत घेणार असते, म्हणून डोरोथी काकाकाकूंना कायमचे ओझमध्ये घेऊन जाते. माझ्या वाचनात आलेल्या परीकथांत कर्जाचा हप्ता प्रथम दिसला तो इथे. अखेरीस ग्लिंडा ही चांगली चेटकीण सारे राज्य जगाच्या नजरेआड करते. डोरोथीकडून निरोप येतो की यापुढे ओझची वार्ता कोणाला कळणार नाही. दार बंद!

दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांचे काय झाले असेल? त्यांनी दार ठोठावणे थांबवले नाही.

इकडे बॉमची आर्थिक स्थिती बिकट झाली होती. १९०८ मध्ये त्याने पडद्यावरची रंगीत चित्रे, चित्रफिती, वाद्यवृंद आणि स्वतःचे कथन यांचा मेळ घालून एक कार्यक्रम गावोगाव नेला. तो त्या काळाच्या मानाने अपूर्व होता. प्रेक्षक आले, पण खर्च त्याहून जास्त झाला. तो कर्जात बुडाला. १९१० मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात हॉलिवूडला राहायला गेले. १९११ च्या जूनमध्ये त्याने दिवाळे जाहीर केले. सुरुवातीच्या पुस्तकांचे मानधन धनकोंच्या वाट्याला गेले. त्यांत खुद्द ‘विझर्ड’ होते. त्याने ‘द सी फेअरीज’ (१९११) आणि ‘स्काय आयलंड’ (१९१२) ही नवी अद्भुत पुस्तके लिहिली. ती वाईट नाहीत, पण त्यांचा खप ओझसारखा झाला नाही. मुले ओझचीच वाट पाहत होती.

तेव्हा मुलांनीच तोड काढली. ओझ दिसत नाही, टपाल जात नाही, तर बिनतारी तारायंत्राने निरोप का घेऊ नये? असे एका बालवाचकाने सुचवले. त्या काळी बिनतारी संदेश ही ताजी नवलाई होती. बॉमने ही सूचना आनंदाने उचलली. अंगणात उंच मनोरा उभारून आपण डोरोथीशी संपर्क साधला, असे त्याने १९१३ च्या ‘द पॅचवर्क गर्ल ऑफ ओझ’च्या प्रारंभी सांगितले आणि गोष्ट पुन्हा सुरू केली. लोक म्हणतात, पैशाच्या अडचणीमुळे तो ओझकडे परतला. ते खरे आहे. पण पैसा ज्या वाटेने आला ती वाट मुलांच्या ओढीनेच तयार केली होती, हेही खरे. त्यानंतर त्याने पुन्हा दार लावले नाही. मरेपर्यंत दर वर्षी ओझचे एक पुस्तक निघत राहिले. स्वतःला ‘ओझचा राजेशाही इतिहासकार’ म्हणवून घेण्यात त्याला आता मौज वाटू लागली होती.

१९१४ मध्ये त्याने चित्रपट कंपनी काढली, ती वर्षभरात बसली. हा माणूस प्रत्येक धंद्यात पडला आणि प्रत्येक धंदा त्याच्यावर पडला! हॉलिवूडच्या चेरोकी ॲव्हेन्यूवर त्याचे ‘ओझकॉट’ नावाचे घर होते. तिथे तो बागेत डेलिया आणि शेवंती फुलवी, पक्षी पाळी आणि बागेतच बसून लिही. चेरोकी हे नाव एका मूलनिवासी राष्ट्राचे आहे. ज्यांना नामशेष करा म्हणून त्याने लिहिले होते, तशाच एका समाजाचे नाव त्याच्या पत्त्यावर होते. त्याला हे कधी जाणवले होते का?

१९१८ मध्ये त्याच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर तो बहुतेक अंथरुणावरच होता. हृदय थकलेले, वेदना असह्य. तरीही पुढल्या दोन पुस्तकांची हस्तलिखिते त्याने पुरी केली. ‘द मॅजिक ऑफ ओझ’च्या प्रस्तावनेत त्याने मुलांची क्षमा मागितली आहे. दीर्घ आजारामुळे पत्रांची उत्तरे देता आली नाहीत, यापुढे मात्र वेळेवर देईन, असे त्याने कळवले. ते पुस्तक मुलांच्या हाती पडले तेव्हा उत्तर देणारा उरला नव्हता. ५ मे १९१९ रोजी त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि दुसऱ्या दिवशी, वयाची त्रेसष्ट वर्षे पुरी व्हायला नऊ दिवस उरले असता, त्याने जगाचा निरोप घेतला. चौदावे पुस्तक ‘ग्लिंडा ऑफ ओझ’ १९२० मध्ये निघाले. त्याच्या आरंभी प्रकाशकांनी मुलांना ही दुःखद वार्ता कळवली.

तरीही वाट पाहणे थांबले नाही. प्रकाशकांनी रूथ प्लम्ली थॉम्पसन या तरुण लेखिकेकडे मालिका सोपवली. १९२१ पासून १९३९ पर्यंत तिने दर वर्षी एक अशी एकोणीस पुस्तके लिहिली, त्यानंतर इतरांनी. काही ग्रंथपालांनी ही पुस्तके हलकी समजून कपाटाबाहेर ठेवली. मुलांनी ती वाचायची तेवढी वाचलीच. १९३९ च्या ऑगस्टमध्ये चित्रपट आला आणि ओझ जगभर पोचले. १९५७ मध्ये ओझप्रेमींचे एक मंडळ स्थापन झाले. त्याचा संस्थापक एक तेरा वर्षांचा मुलगा होता!

हे सारे वाचून झाल्यावर या माणसाविषयी माझे मत काय, असे मला एका मैत्रिणीने विचारले. मी बराच विचार केला. त्याची ती दोन संपादकीये मी विसरणार नाही आणि कोणी विसरावीत असे मला वाटतही नाही. थोर लेखक होता म्हणून ती झाकू नयेत, आणि ती लिहिली म्हणून गोष्टी जाळूही नयेत. संपादकीय लिहिताना त्याच्या समोर घाबरलेले वसाहतवाले होते; त्यांना ऐकायला हवे होते ते त्याने लिहिले. गोष्टी लिहिताना समोर मुले होती. मुलांनी त्याच्याकडे अधिक चांगले मागितले आणि ते त्याने दिले. लेखक कोणासाठी लिहितो यावर तो काय लिहितो हे पुष्कळसे अवलंबून असते, असे मला या चरित्रातून वाटू लागले आहे. म्हणून वाचकाने गप्प बसून चालत नाही. त्याने मागत राहिले पाहिजे, आणि चांगलेच मागितले पाहिजे. याने त्या संपादकाला माफी मिळते असे नव्हे. ती देण्याचा अधिकार माझा नाही, ज्यांची माणसे वूंडेड नीच्या बर्फात पडली त्यांचा आहे.

आज मला ओझची चौदाही पुस्तके एका क्षणात मिळाली. १९०७ सालच्या मुलीला वर्षभर थांबावे लागत होते. माझी सोय झाली यात शंका नाही. पण त्या थांबण्यात तिने पुढची गोष्ट मनातल्या मनात दहा वेळा रचली असेल, जशी आम्ही जेवणाच्या रांगेत रचत होतो. वाट पाहणारा वाचक हा अर्धा लेखकच असतो.

शेवटी आणखी एक विचार. मॅटिल्डा गेज जावयाच्या मागे लागली नसती तर ओझची गोष्ट शिकागोच्या त्या घरात चार मुलांना ऐकवून विरून गेली असती. आपल्या डोंगरांत, गावांत, वस्त्यांवर अशा किती गोष्टी शेकोटीभोवती सांगितल्या जातात! माझ्या आजीच्या गोष्टीतली मुलगी वाघाच्या पाठीवर बसून नर्मदा ओलांडते आणि तिथे आजीला झोप लागते. ती लिहून ठेव, असे तिला सांगायला कोणी विदुषी सासू आली नाही. आणि आजीला लिहिता येतही नाही. मला येते. या सुट्टीत वही घेऊन तिच्याजवळ बसायचे मी ठरवले आहे. मित्रमैत्रिणींनो, तुमच्याही घरी अशी एखादी आजी असेल. ती थांबली की गप्प राहू नका; मग पुढे काय झाले, असे तिला जरूर विचारा.